हेलिकोनियावरचा बेडूक: बेळगावातल्या एका प्रदर्शनाचं प्रकरण

बेळगावात छायाचित्र प्रदर्शनं ऑगस्टमध्ये भरतात. १८३९ साली १९ ऑगस्टला फ्रेंच सरकारनं दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगाला खुली केली, म्हणून तो दिवस जागतिक छायाचित्रण दिन, हे उद्घाटनाच्या भाषणात दरवर्षी येतं. खरं कारण पंचांगात आहे. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात, आणि आमच्यातले बरेच जण लग्नाच्या ऑर्डरीवर जगणारे असल्यामुळे त्यांना सवड मिळते ती याच दिवसांत. गणपती जवळ आले की मंडळांची कामं सुरू होतात. मधले दोन-तीन आठवडे काय ते आपले.

गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात पहिलं आलेल्या एका छायाचित्राचं बक्षीस मागे घ्यावं लागलं. ज्या गटात हे घडलं तो मोकळाच गट आहे. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही. शहापूर-टिळकवाडीतले स्टुडिओवाले, उद्यमबागेत फौंड्रीत आणि मशीनशॉपमध्ये काम करणारी पोरं, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, बँकेतून निवृत्त झालेले हौशी काका, खानापूर-निपाणीकडचे काही जण, आणि शिनोळीपलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून, बाजाराला येतात तसे बैठकीलाही येणारे. बैठक निम्मी मराठीत, निम्मी कन्नडात चालते आणि विषय लेन्सवर घसरला की दोन्ही भाषा सुटतात. सगळ्यांत ज्येष्ठ आहेत ते एक कन्नड भाषक पोर्ट्रेट फोटोग्राफर. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी त्या वेळी परीक्षकही नव्हतो आणि स्पर्धकही नव्हतो. आलेल्या फाइली जमवायच्या, मापं बघायची आणि प्रिंटला पाठवायच्या, हे काम माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच लॅपटॉपवर उघडलं गेलं. नावं घालत नाही. ज्या तरुणाचं छायाचित्र होतं त्याला विचारूनच हे लिहितोय.

अर्जात काय होतं

एका पानाचा अर्ज. तीन विभाग: पावसाळा, जनजीवन, वन्यजीव. सगळी छायाचित्रं बेळगाव जिल्ह्यातलीच हवीत, अशी अट होती. ती कुणी आणि का घातली हे आता कुणालाच आठवत नाही; बहुधा 'आपल्या जिल्ह्याचं प्रदर्शन' असं फ्लेक्सवर बरं दिसतं म्हणून. (फ्लेक्सचं सांगायचं तर, दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा २०२४ चा सुधारित कायदा आल्यापासून आम्ही फ्लेक्सलाही तेच माप लावून टाकतो. वाद नको.) क्रॉप, उजेड आणि रंग यांत थोडा फेरफार चालेल, चित्रात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. एआयनं बनवलेलं चालणार नाही, आणि त्याची खातरजमा म्हणून पहिल्या तीन क्रमांकांची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली संस्कार न केलेली मूळ फाइल, मागवली जाईल. बाकी रकाने नेहमीचेच: कॅमेरा, लेन्स, शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, ठिकाण.

समोरचा प्राणी तिथे कसा आला, हे विचारणारा रकाना त्या पानावर कुठेच नव्हता.

छायाचित्र

वन्यजीव विभागात पहिलं आलेलं छायाचित्र मलबारी उडत्या बेडकाचं होतं. शास्त्रीय नाव ऱ्हाकोफोरस मलबारिकस. फक्त पश्चिम घाटात सापडतो. साधारण दहा सेंटिमीटर लांबीचा, पोपटी हिरवा, बोटांमधले पडदे तांबडे-नारिंगी. हे पडदे ताणून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे नऊ-दहा मीटर तरंगत जातो, म्हणून 'उडता'. पावसाळा हा त्याचा विणीचा काळ. पाण्यावर झुकलेल्या पानांना नर-मादी फेसाचं घरटं करतात, आणि त्यातून निघालेले टॅडपोल खाली पाण्यात पडतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा सगळा पट्टा, भीमगड अभयारण्याचं जंगल आणि पलीकडे आंबोली, इथे जूनपासून रात्रीच्या बेडूक-साप फेऱ्या सुरू होतात. बेळगावातून दीड-दोन तासांची वाट असल्यानं शनिवारी संध्याकाळी हेडटॉर्च आणि गमबूट घेऊन निघणाऱ्यांची कमी नाही.

या छायाचित्रात तो बेडूक हेलिकोनियाच्या फुलोऱ्यावर बसला होता. तुरा लालभडक, कडा पिवळ्या. पुढचा पाय एका पाकळीवर, मागचा पुरा ताणलेला, त्यामुळे पडद्याचा तांबडा रंग आणि फुलाचा तांबडा रंग एकमेकांना भिडलेले. मागे मिट्ट काळोख. अंगभर बारीक थेंब. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, डिफ्यूझर लावलेला फ्लॅश, एफ ११. चोवीस मेगापिक्सेलची फाइल न कापता सोळा बाय चोवीस इंचांवर नेली तर इंचाला २५० पिक्सेल पडतात. ही क्रॉप केलेली होती तरी दोनशेच्या खाली गेली नव्हती. प्रिंट सुंदर आली. उद्घाटनाच्या दिवशी तिच्यावर रिबन लागली, दुसऱ्या दिवशी स्थानिक दैनिकात नावासकट बातमी आली. बाहेरगावाहून बोलावलेल्या दोन्ही परीक्षकांनी ती एकमतानं निवडली होती. ठिकाणाच्या रकान्यात 'कणकुंबी' असं लिहिलं होतं.

शंका

तिसऱ्या दिवशी खानापूरकडच्या एका शाळेची मुलं आली. त्यांच्या बाई वन्यजीवाच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबल्या आणि टेबलावरच्या पोरांना येऊन म्हणाल्या, "हे झाड जंगलातलं नव्हे. आमच्या शाळेच्या गेटपाशी लावलंय आम्ही. नर्सरीतून आणलेलं."

बरोबरच होतं ते. हेलिकोनिया मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं. आपल्याकडे बंगल्यांत, रिसॉर्टांत, होमस्टेच्या पायवाटांना लावतात. पण याचा अर्थ लावताना आमच्यातल्या काहींनी फार घाई केली. झाड बागेतलं, म्हणून फोटो खोटा, असं सरळ होत नाही. हा बेडूक माणसाला बिचकून जंगलातच राहणारा नाही. सिमेंटच्या टाकीवर झाडाची फांदी आली असेल तर तिथेही घरटं करतो. "बागेत बेडूक येत नाही काय गा?" असं एकानं विचारलं, त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. तक्रार तिथेच मिटली असती.

ती मिटली नाही, कारण थेंब. हा मुद्दा मी काढला. पावसात भिजलेल्या पानावर लहानमोठे थेंब असतात. टोकाशी पाणी साचून एक जाड थेंब लोंबतो, मधल्या शिरेवरून पाणी वाहून गेलेलं दिसतं. या चित्रात फुलोऱ्याच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूवर एकसारखे, मोहरीहून बारीक थेंब होते. वरच्या तुऱ्याची पाठ, जिच्यावर पाऊस आधी पडायला हवा, ती कोरडी होती. असे थेंब न्हाव्याकडच्या स्प्रेच्या बाटलीतून पडतात. नुसत्या स्प्रेवर मी कुणाला दोषी धरणार नाही, फुलांचे फोटो काढणारे सर्रास फवारतात. पण ज्यानं फवारलं त्यानं आणखी काय केलं, हा प्रश्न रास्त होता.

रॉ फाइल आणि तिच्या शेजारच्या

नियमाप्रमाणे त्या तरुणानं रॉ फाइल आधीच दिली होती. ती निर्दोष होती. काही घातलेलं नाही, काही काढलेलं नाही. आमच्याकडच्या बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. रॉ फाइल एवढंच सांगते की हे दृश्य कॅमेऱ्यापुढे होतं. ते कुणी उभं केलं, हे तिच्यातून कळत नाही. ते शेजारच्या फाइलींत असतं: आधीच्या पाच-दहा, नंतरच्या पाच-दहा, सलग क्रमांकाच्या, वेळेसकट. एकाच फोटोवर तासभर घालवलेल्या माणसाकडे अशी रांग असतेच, आणि नसेल तर ती का नाही हेही विचारता येतं.

आम्ही रांग मागितली. फौंड्रीत पाळी करणारा पोरगा, लेन्स हप्त्यावर घेतलेली. त्यानं काही न विचारता त्या रात्रीचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर आणून दिलं. लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या गावीही नव्हतं, आणि या प्रकरणात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

सुरुवातीच्या फ्रेमांत बेडूक टाकीवर आलेल्या फांदीवर, एका पानाआड, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला. पाठीवर उजवीकडे एक पांढरा ठिपका. फोटो म्हणून यात काही राम नाही. अर्धा बेडूक पानानं झाकलेला, मागे टाकीचा पाइप. मग चार मिनिटांचा खंड. पुढची फ्रेम थोडी हललेली, आणि तिच्यात हेलिकोनियाच्या तुऱ्यावर तोच ठिपका असलेला बेडूक आणि डाव्या कडेला दोन बोटांची टोकं, नुकतीच मागे घेतलेली. त्यानंतर वीसेक फ्रेमा तुरा फिरवत फिरवत काढलेल्या. एका रुंद फ्रेममध्ये सगळाच उलगडा होता: फुलोरा कापलेला, दांडा पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत खोचलेला, बाटली एका स्टुलावर, मागे कुणीतरी धरलेलं काळं जॅकेट. मिट्ट काळोख तो एवढाच. बक्षीस मिळालेली फ्रेम त्यानंतरची.

याच फोल्डरात सुरुवातीला, उजेड असताना, मोटारसायकलचा एक फोटो होता. गाडीची पाटी केए-२२, आणि तिच्यामागे होमस्टेचा फलक, त्यावर खाली लिहिलेलं: तालुका चंदगड.

म्हणजे कणकुंबी नव्हेच. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यानं शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात काढलेलं छायाचित्र जिल्ह्याच्या अटीत बसावं म्हणून कणकुंबीचं केलं होतं. हे त्यानं विचारताक्षणी कबूल केलं. "सर, ठिकाणाचं मी खोटं लिहिलो. पण बेडूक गाइडनं ठेवला. आम्ही सगळ्यांनीच काढलो. असंच असतंय म्हणून वाटलं मला."

'सगळ्यांनीच' हे खरं निघालं. आलेल्या प्रवेशिकांच्या ढिगात मी परत शोधलं, तर दुसऱ्या एकाचा त्याच तुऱ्यावरचा तोच बेडूक होता, तोच ठिपका, फक्त फोकस चुकलेला. पहिल्या चाळणीतच बाद झाला होता.

बैठक

हॉल बंद झाल्यावर मागच्या खोलीत सगळे बसले. बाहेर धो धो पाऊस. ओल धरून वाकलेले सनबोर्ड पलटी करून वजनाखाली ठेवलेले, दुहेरी टेप सोडलेल्या दोन प्रिंटा भिंतीला टेकवलेल्या.

सगळ्यांत सोपा रस्ता कुणीतरी पहिल्याच मिनिटाला सांगितला: चौथी अट, जिल्ह्याबाहेरचं छायाचित्र, बाद. पुरावा आहे, कबुली आहे, वाद नाही. नैतिक-अनैतिक असल्या भानगडीत पडायचंच नाही. बहुतेक माना हलल्या. पोराचीही लाज राहील, असंही एक काका म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं.

दुसरा मुद्दा लग्नवाल्यांनी काढला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "आम्ही नवरीला तिसऱ्यांदा हार घालायला लावतो. अक्षता परत टाकायला लावतो. त्याच फोटोंचे अल्बम करून इथे लावतो, तेव्हा कुणी विचारलंय काय? मग ह्या पोरालाच का धरूलालाय?" सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळण्याचे जे फोटो दरवर्षी जनजीवन विभागात येतात, त्यांतले किती जण भक्ताला 'अजून एकदा' म्हणतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मेंढरांचा कळप मावळतीच्या उजेडात परत वळवायला धनगराला पैसे देणारेही तिथेच बसले होते. काही क्षण कुणी कुणाकडे बघेना.

माझं मत मी तिथे मांडलं तेच इथे देतो. हार पुन्हा घालणाऱ्या नवरीला काय चाललंय ते माहीत असतं, ती नाही म्हणू शकते, आणि अल्बम बघणाऱ्यालाही लग्नाचे फोटो कसे काढतात ते माहीत असतं. वन्यजीव विभागाची भिंत बघणाऱ्याला वेगळं सांगितलेलं असतं: हा प्राणी असा वागतो, इथे बसतो. शाळेच्या त्या पोरांनी वहीत 'उडता बेडूक फुलावर बसतो' असं लिहून नेलं असतं. शिवाय बेडकाची कातडी ही नुसती साल नाही. तिच्यातून तो श्वास घेतो, पाणी शोषतो. रात्रीच्या फेरीला निघालेल्या माणसाच्या हातावर डासांचं मलम असतं, सॅनिटायझर असतो, आधीच्या टाकीवरच्या बेडकाचा ओलावा असतो. जगभर बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचा संसर्ग पश्चिम घाटातल्या बेडकांतही नोंदला गेला आहे. एकामागून एक बेडूक हाताळणं हा ती पसरवण्याचा सोपा मार्ग. आणि विणीच्या रात्री टाकीवरून उचलून स्टुलावर बसवलेल्या बेडकाची ती रात्र तर गेलीच.

आंतरराष्ट्रीय सलोनांत, म्हणजे छायाचित्र स्पर्धांत, निसर्ग छायाचित्राची जी समान व्याख्या पीएसए, फियाप आणि आरपीएस या छायाचित्रणातल्या तीन संस्थांनी ठरवली आहे, तिच्यातही प्राण्याचं भलं छायाचित्राच्या वर ठेवलं आहे. आमच्यातले जे सलोनांना फोटो पाठवतात त्यांनी ती वाचलेली आहे. आमच्या अर्जात मात्र तिचा मागमूस नव्हता. एकानं लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेची आठवण काढली. २००९ चा विजेता लांडगा माणसाळलेला असावा असं ठरवून २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. २०१७ च्या स्पर्धेतला मुंगीखाऊ भुसा भरलेला असल्याचं तज्ज्ञांनी सांगितल्यावर २०१८ मध्ये तोही बाद झाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले. तरी तिथे कारण लपवलं नाही: लांडग्याच्या वेळी माणसाळवलेला प्राणी चालत नाही हा, आणि मुंगीखाऊच्या वेळी पाहणाऱ्याची फसवणूक करणारं चित्र नको हा नियम मोडला, असं स्पष्ट सांगितलं.

तोवर गप्प असलेले अण्णा इथे बोलले. त्यांचं मराठी कन्नड वळणाचं आहे, पण त्या दिवशी एकेक शब्द लागत होता. "खरं कारण काय हाय तेच लिवा. हद्दीचं कारण लिवलासा, तर ह्या गावात लोक तेवढंच वाचतात. पुढं काय लिवलंय ते कोण बघत नाही."

यावर चंदगडचा एक जण म्हणाला की त्याला तर ती अटच मुळात खटकत होती. बाजार बेळगावात, दवाखाना बेळगावात, लेन्स दुरुस्तीला बेळगावात, आणि फोटो मात्र चालत नाही. छायाचित्र महाराष्ट्रातलं म्हणून बाद केलं अशी नोटीस लागली असती, तर दुसऱ्या दिवशी सीमाप्रश्नाची कुठली बातमी झाली असती ते सांगायला नको. कुणीतरी 'बेडकाला सीमाप्रश्न नसतो' असं म्हटलं, दोघे हसले, आणि विषय पुढे गेला.

पण माझ्या मते अण्णांच्या म्हणण्यातला मोठा भाग त्याहून साधा होता. नोटिशीत जे कारण लिहिलं जातं, तेच पुढच्या पावसाळ्यात सगळे शिकतात. 'जिल्ह्याबाहेरचं' असं लिहिलं असतं, तर सगळे एवढंच शिकले असते: बेडूक कणकुंबीतच उचलायचा.

निर्णय

बक्षीस मागे घेतलं. कारण एकच लिहिलं: प्राणी हाताळून, जागेवरून हलवून काढलेलं छायाचित्र वन्यजीव विभागात धरता येत नाही. असा नियम आधी अर्जात नव्हता, हेही त्याच नोटिशीत लिहिलं, म्हणून त्या तरुणावर बंदी वगैरे काही घातली नाही. ठिकाण खोटं लिहिल्याबद्दल त्याला तोंडी समज दिली. पहिलं पारितोषिक कुणालाच दिलं नाही; दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या रांगाही मागवल्या, त्या ठीक निघाल्या. परीक्षकांना फोन करून कळवलं. एकाला राग आला, त्यांचं म्हणणं असं की निकालाआधी विचारायला हवं होतं. दैनिकात दुरुस्तीची चौकट आली, बातमीच्या एक दशांश आकाराची.

छायाचित्र उतरवायचं की नाही, यावर मात्र शेवटपर्यंत दोन तट राहिले. उतरवलं तर रिकाम्या जागेवरून तर्क सुरू होणार. ठेवलं तर चुकीच्या गोष्टीला भिंत दिली. अखेर त्या तरुणानंच सांगितलं, राहू दे, खाली खरं लिहा. रिबन काढली आणि मराठी-कन्नडात नवी ओळपट्टी लावली: "मलबारी उडता बेडूक. टाकीवरच्या पानावरून उचलून, कापून आणलेल्या हेलिकोनियाच्या तुऱ्यावर ठेवून टिपलेला. वन्यजीव विभागातून मागे घेतलेले छायाचित्र."

बाकीच्या भिंतीवरच्या ओळपट्ट्या लोक बघून न बघितल्यासारखं करतात. ही वाचायला मात्र गर्दी व्हायला लागली. एकाच्या मुलीनं विचारलं, उचलून म्हणजे हातानं? बापानं हो म्हटलं. मग निसटलं नाही का ते, असा तिचा पुढचा प्रश्न. लग्नवाल्यांपैकी एकानं दुसऱ्या दिवशी जनजीवनाच्या भिंतीवरची स्वतःची भंडाऱ्याची प्रिंट गुपचूप उतरवून नेली. तिच्या जागी चार खिळे तेवढे राहिले.

गाइडचं काय

हे प्रकरण फोटोग्राफरवर संपवणं सोयीचं आहे, पण न्याय्य नाही. त्या रात्रीच्या गाइडशी आमच्यातला एक जण नंतर बोलला. त्यानं उघड सांगितलं: लोक दोन तासांची फेरी घेतात आणि पाच प्राणी मागतात. उडता बेडूक, मलबारी चापडा साप, एखादा विंचू. झाडावर उंच बसलेला बेडूक दाखवला की 'दिसत नाही', 'पाठ आहे', 'पान मध्ये येतंय'. फोटो चांगला आला की बक्षिशी मिळते, नाही आला की रेटिंग पडतं. स्टूल, बाटली आणि काळं जॅकेट त्याचं नव्हतंच. ते पाहुण्यांपैकी कुणीतरी आणलं होतं, कुठल्याशा व्हिडिओत बघून. इंडोनेशियातून पानाची छत्री धरलेल्या बेडकांचे फोटो जगभर फिरले तेव्हापासून ही शाळा चालू आहे, आणि आमच्या घाटात ती पाच-सात वर्षांत पोचली.

गाइडला नियम सांगून उपयोग नाही, त्याला पैसे देणाऱ्यांनी मागणी बदलायला हवी. म्हणून आता गटातून फेरीला जाणारे आधीच फोनवर सांगतात: हात लावायचा नाही, मिळाला नाही तरी पूर्ण पैसे. दोन गाइडांना हे पटलं. एकानं सरळ सांगितलं की पाहुणे कमी होतील, मला परवडत नाही. त्याच्याकडे लोक अजून जातात.

या वर्षीचा अर्ज

जिल्ह्याची अट गेली. तिच्या जागी 'बेळगाव आणि लगतचा परिसर' असं मोघम लिहिलंय, आणि लगतचा म्हणजे किती, यावर कुणीही विचारू नये अशी सगळ्यांची इच्छा आहे. रॉ फाइलीबरोबर आधीच्या-नंतरच्या दहा फ्रेमा मागितल्यात. आणि एक नवा रकाना: छायाचित्र कसं मिळालं, दोन ओळीत. प्राणी हलवला का, आमिष दाखवलं का, घरट्याजवळ काढलं का, लपणातून काढलं का. वन्यजीव विभागात हा रकाना सक्तीचा आहे.

जनजीवन विभागाला तो लावायचा की नाही, यावर दोन बैठका झाल्या आणि एकमत झालं नाही. स्टुडिओवाल्यांचं म्हणणं, माणसाला सांगून फोटो काढणं हाच आमचा धंदा, मग प्रत्येक वेळी 'उभा करून काढला' असं काय लिहायचं? तरुण पोरांचं म्हणणं, लिहायला लाज का वाटावी? अण्णा म्हणाले, "माझ्या स्टुडिओत तर सगळंच उभं करून, बसवून. मी लिवतो." तोडगा म्हणून तिथे रकाना ऐच्छिक ठेवलाय. पहिल्या आठवड्यात जनजीवनात आलेल्या अर्जांत तो बहुतेकांनी रिकामा सोडलाय. गेल्या वर्षीच्या त्या तरुणाचा अर्ज या वेळी याच विभागात आलाय: फौंड्रीतल्या पाळीचा फोटो, आणि रकान्यात लिहिलंय, 'भट्टीपुढचा कामगार माझा मामेभाऊ, दोनदा वळायला सांगितलो.'